मालक अर्धे पैसे देतोय, सही करून मोकळं व्हावं का लेबर कोर्टात जावं?

भोसरीचा प्रेसवाला : मेव्हणा चाकणला एका कंपनीत 9 वर्षं होता, आता काढलंय आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सुटताना वर्षांच्या हिशोबाने मिळणारी रक्कम) मागितली तर मालक म्हणतो अर्धी घे, फुल अँड फायनलवर (सगळा हिशोब मिटला या कागदावर) सही कर, विषय संपला. घरात सगळे म्हणतात घे. मी म्हणतो अजिबात नको.

माझं सांगतो. भोसरीत प्रेस शॉपला (पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे) 11 वर्षं काढली, मार्च 2021 ला सोडलं. शेवटचा बेसिक डीए (महागाई भत्ता) धरून 18,200. भागिले 26 (महिन्याचे कामाचे दिवस), गुणिले 15 (दर वर्षाला 15 दिवसांचा पगार), गुणिले 11 वर्षं, म्हणजे 1,15,500. साहेब 60 हजाराचा चेक घेऊन बसले होते. मी उठून आलो आणि लेबर कोर्टात अर्ज टाकला. तारखा खूप पडल्या खोटं नाही सांगत, पण ऑर्डर झाली आणि वर वर्षाला 10 टक्के व्याज. मालक अपील करतो म्हणाला, पण ग्रॅच्युइटीच्या अपिलाला आधी सगळी रक्कम भरावी लागते हे त्याला वकिलाने सांगितल्यावर गपचूप पैसे दिले. तीन वर्षांचं व्याज धरून दीड लाख हातात आले.

दोन महिन्याचा पगार मात्र बुडाला, कारण "पुढच्या महिन्यात देतो" यावर मी विश्वास ठेवून बसलो आणि पगाराच्या क्लेमची 12 महिन्याची मुदत गेली. उशीर माफीचा अर्ज केला, तो मंजूर झाला नाही. त्याचं अजून वाईट वाटतं.

ठाणे बेलापूर रोड : दादा तुमचा मालक चालू धंद्यातला होता म्हणून पैसे आले. माझ्या वडिलांची कंपनी बंद पडली. त्यांनीही केस जिंकली, वसुलीचा दाखला कलेक्टर ऑफिसला गेला, तिथून तहसीलला. जमीन महसुलासारखी वसुली होते असं कायद्यात लिहिलंय, पण वसूल काय करणार, जागा बँकेकडे गहाण, मशिनरी आधीच हललेली. चार वर्षं हेलपाटे मारून वडील गेले, ऑर्डरची कॉपी अजून कपाटात आहे. त्यांना सुरुवातीला 70 हजार देत होते. आईच्या ऑपरेशनला तेव्हा ते पैसे हवे होते हो. मेव्हण्याला घेऊ द्या.

भोसरीचा प्रेसवाला : वडिलांचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण म्हणून चालू कंपनीच्या मालकाला सूट का द्यायची? कायद्याने ठरलेली रक्कम आहे ती, त्यात घासाघीस कसली.

हौसाबाईंची सून : मी दोघांशी पण सहमत नाही. एकट्या माणसाला कोर्ट परवडत नाही हे खरं, एका तारखेला एक खाडा, रिक्षा वेगळी आणि वकील वेगळा. आम्ही हॉस्पिटलमधे हाऊसकीपिंगला होतो, ठेकेदार तीन महिने पगार न देता गायब झाला. आम्ही 14 जणी एकत्र गेलो, वकिलाची फी वाटून घेतली, तारखेला आळीपाळीने दोघी जायच्या. ठेकेदाराने पगार नाही दिला तर मूळ कंपनीवर येतो हे आम्हाला तिथेच कळलं. हॉस्पिटलला नोटीस गेल्यावर पगार निघाला. ग्रॅच्युइटी कुणाला मिळाली नाही, मधे मधे ठेकेदार बदलले त्यामुळे कुणाकडेच सलग नोकरीचा कागद नव्हता.

सुपरवायझर 2 शिफ्ट : माझा मुद्दा वेगळा. मला केसमधे पहिलाच प्रश्न आला तुम्ही कामगार का सुपरवायझर, आणि त्या एका प्रश्नात दीड वर्ष गेलं. पगारवाढीचा फरक मागत होतो. ग्रॅच्युइटीला हा प्रश्न येत नाही, तिथे 5 वर्षं नोकरी आणि हिशोब एवढंच बघतात. म्हणून ग्रॅच्युइटीसाठी भांडा असं मी पण म्हणेन, बाकीच्या थकलेल्या पैशांसाठी आधी आपले कागद बघा मग उडी घ्या. आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन लेबर कोड (कामगार कायदे) आलेत, त्यात पगाराच्या क्लेमला 3 वर्षं मुदत आहे आणि नोकरी सुटली की दोन वर्किंग दिवसात पगार द्यायचा आहे. मेव्हण्याची नोकरी सुटल्याची तारीख नक्की कुठली ते बघा.

ठाणे बेलापूर रोड : मुदत वाढली हे चांगलंच झालं, पण वसुली तीच राहणार ना. ऑर्डर देणारे आणि पैसे काढून देणारे वेगवेगळे ऑफिस आहेत तोवर माझं मत बदलणार नाही.

भोसरीचा प्रेसवाला : मेव्हण्याशी आत्ता बोललो. जानेवारीत काढलंय. पोरीची फी भरायची आहे त्यामुळे तो पैशाच्या अडचणीत आहे. शेवटी असं ठरलं की मालकाला सांगायचं आज देताय तेवढे द्या, पण मी कागदावर "उरलेल्या ग्रॅच्युइटीचा हक्क राखून" असं लिहूनच सही करणार. मालक नाही म्हणाला तर सोमवारी त्याला घेऊन मीच वकिलाकडे जातोय. अपॉइंटमेंट लेटर, पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक सगळं काढायला लावलंय. 2019 च्या आधीच्या स्लिपा सापडत नाहीयेत, बँक स्टेटमेंट चालेल का कुणाला माहिती आहे का?

हौसाबाईंची सून : आमचं चाललं होतं. बँकेतून शिक्का मारून घ्या.