मदत हवी आहे: जोन्स फ्रॅक्चरसाठी पायात स्क्रू घातलेल्यांचा अनुभव

धाकट्या भावाच्या (वय 22, कबड्डी खेळतो) उजव्या पायाचं पाचवं मेटाटार्सल, म्हणजे करंगळीकडचं लांब हाड, 10 आठवड्यांपूर्वी मोडलं. डॉक्टर याला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. 1902 मध्ये रॉबर्ट जोन्स या सर्जनने नाचताना स्वतःचाच पाय मोडल्यावर याचं वर्णन केलं होतं. हाडाच्या बुडाजवळ, जिथे हे मोडतं, त्या भागात रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून जुळायला वेळ लागतो, एवढं कळलंय.

आधी 6 आठवडे प्लास्टर आणि कुबड्या, पाय अजिबात टेकवला नाही. नंतर 4 आठवडे वॉकर बूट (पाय स्थिर ठेवणारा कडक बूट). तरी कालच्या एक्स-रेत फट काळी दिसतेच, आणि पायाच्या बाहेरच्या कडेला नुसतं बोट लावलं की तो पाय ओढून घेतो. मधुमेह नाही, तंबाखू-सिगारेट नाही. व्हिटॅमिन डी कमी होतं, त्याच्या गोळ्या चालू आहेत.

एक डॉक्टर म्हणतात, आणखी 6 आठवडे थांबा. दुसरे म्हणतात, हाडाच्या पोकळीतून एक स्क्रू घालून टाकू. त्याला पुन्हा मैदानात उतरायचंय, म्हणून आमचा कल ऑपरेशनकडे आहे. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

खर्चाचं विचारत नाही, विमा आहे. ज्यांनी हाच स्क्रू घालून घेतलाय त्यांनी कृपया सांगा: पायावर पूर्ण भार किती आठवड्यांनी द्यायला सांगितला, आणि स्क्रूचं डोकं बुटात टोचतं म्हणून तो नंतर काढावा लागला का?