मदत हवी आहे: मिटिंगमध्ये सगळे गप्प, चहाला उभे राहिले की सगळे बोलतात

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात उद्यमबागेत एका फाउंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओततात तो कारखाना) क्वालिटीला आहे, मूळची खानापूर तालुक्यातली. सकाळची प्रॉडक्शन मिटिंग चालवायचं काम आता माझ्याकडे आलंय. मोल्डिंग, कोअर शॉप, फर्नेस, फेटलिंग, मेंटेनन्स, डिस्पॅच असे सगळे असतात, शिवाय मालकांचे धाकटे भाऊ. ठरलेली वेळ पंधरा मिनिटं. प्रत्यक्षात पाऊण तास जातो आणि उठताना कुणाकडे काय काम आलं ते कुणालाच नीट ठाऊक नसतं.

परवाचंच सांगते. पंपाच्या बॉडीला ब्लोहोल, म्हणजे ओतलेल्या धातूत वायूची भोकं, येत होते. मोल्डिंगवाले (वाळूचे साचे करणारे) म्हणाले मेटल गार येतंय, फर्नेसवाले म्हणाले वाळूत पाणी जास्त झालंय. धाकटे मालक म्हणाले, "वाळू बघा." झालं, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय मिटला. बाहेर चहा घेताना फर्नेसवरचे मामा हळूच म्हणाले, "अक्का, पैली हीट नोड्री. लॅडल नीट तापायच्या आधीच ओततात. पावसाळ्यात अस्तर ओल धरतंय." (नोड्री म्हणजे बघा. हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू, लॅडल म्हणजे तो ओतायचं भांडं.) मी हीट नंबर लावून रिजेक्शन तपासलं. खराब मालातला बहुतेक माल पहिल्या हीटचाच होता! आणि मामा त्या मिटिंगमध्ये माझ्या समोरच बसले होते.

माझ्या मते ही माणसं लाजरी नाहीत. मालकांसमोर बोलायचं म्हणजे शेजारच्या खात्याशी वैर घ्यायचं, हे त्यांना पक्कं माहीत आहे. त्यात भाषेची अडचण. इथे कुणी मराठी-कन्नड वाद घालत नाही, तेव्हा कृपया धागा तिकडे नेऊ नका. पण चर्चा तापली की सगळं भराभर मराठीत चालतं. कन्नड बोलणारे मागे पडतात आणि बिहार-ओडिशाच्या पोरांपर्यंत तर काहीच पोचत नाही.

आदल्या संध्याकाळी विषय फळ्यावर लिहून ठेवायला लागले, त्याने थोडा फरक पडला. तरी ज्याला माहीत आहे त्याला बोलतं कसं करायचं? आणि मालकांना कुणी सांगायचं, कसं सांगायचं?

प्रतिसाद १ (शिरोली, कोल्हापूर. वर्क्स मॅनेजर म्हणून निवृत्त)

ताई, आधी धाकट्या मालकांचं बघा, बाकीचं नंतर. मिटिंगमध्ये त्यांना काही बोलू नका. आदल्या दिवशी केबिनमध्ये जाऊन सांगा, "साहेब, तुमचं मत आधी आलं की पुढे कुणी तोंड उघडत नाही. उद्या तुम्ही शेवटी बोला." सोबत पहिल्या हीटचे आकडे ठेवा. रिजेक्शनचे पैसे दिसले की मालक ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

मग बोलायची पाळी लावा, सगळ्यात धाकट्यापासून. तुमच्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, घरात कुणी फौजी असेल तर विचारा: कोर्ट मार्शलमध्ये सगळ्यात कनिष्ठ सदस्याचं मत आधी घेतात, म्हणजे वरिष्ठांचं ऐकून तो वळत नाही. पाळी आली की दोन वाक्यं बोलायची. काही नसेल तर "नाही" म्हणून पुढे. मधे कुणी तोडलं तर हात वर करून थांबवायचं, मग तो कुणीही असो.

अजून एक. "का झालं?" हा प्रश्न सुरुवातीला विचारू नका. टोयोटाच्या ताइइची ओनो यांची पाचदा "का" विचारायची पद्धत मी वापरली आहे, चांगली आहे. पण आपल्याकडे पहिल्याच "का" ला माणूस स्वतःला वाचवायला लागतो. त्याऐवजी कुठल्या हीटला, साच्याच्या कुठल्या पेटीत, कधीपासून, असं विचारा. त्याची उत्तरं देताना कुणाला राग येत नाही. आणि खोलीत बसू नका. खराब कास्टिंग (ओतलेला भाग) टेबलावर ठेवा आणि भोवती उभे राहा. उभी मिटिंग पाऊण तास चालत नाही.

प्रतिसाद २ (निपाणी)

मी बचत गटांच्या बैठका घेते. ज्यांना बोलायला जड जातं त्यांच्यासाठी लिहून घ्यायची पद्धत आहे. जर्मनीच्या बेर्न्ड रोरबाख यांनी 1968 मध्ये मांडली: सहा माणसं, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं, मग कागद शेजाऱ्याकडे. तुमच्याकडे हे जसंच्या तसं चालणार नाही, कारण लिपी वेगवेगळ्या आणि काहींना लिहायचा कंटाळा. कास्टिंगचं मोठं चित्र काढून भिंतीला लावा आणि दोष दिसेल तिथे प्रत्येकाला खूण करायला सांगा. बिहारचा पोरगाही खूण करेल.

विषय भरकटला तर फळ्याच्या कडेला "नंतरचे विषय" म्हणून लिहा, पण शुक्रवारी ती यादी खरंच उघडा. एकदा उघडली नाही की कुणी विश्वास ठेवत नाही.

आणि मामांचं नाव त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका. त्यांनी तुम्हाला विश्वासाने सांगितलंय. हीट रजिस्टर समोर ठेवा, आकडेच बोलतील. मग मामांना वाटलं तर ते स्वतः बोलतील.

मूळ लेखिका

दोघांचे मनापासून आभार. दादा, धाकट्या मालकांशी बोलले. ऐकून घेतलं त्यांनी, आज शेवटी बोलले. कोअर शॉपचा पोरगा पहिल्यांदा बोलला, तेही कन्नडमध्ये, आणि मेंटेनन्सच्या अण्णांनी ते लगेच मराठीत सांगितलं. तेच काम आता रोज अण्णांना दिलंय, आवडलंय त्यांना. उठायच्या आधी फळ्यावर तीन रकाने भरतो: काम, कोणाकडे, कधीपर्यंत. मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीकडे. ज्याचं काम त्यानेच ते मोठ्याने वाचायचं.

ताई, मामांना विचारलं. नाव नको म्हणाले. म्हणून सोमवारी फक्त रजिस्टर घेऊन जाणार आहे, आणि लॅडल तापवायची वेळ रोज त्यात लिहायची असं सुचवणार आहे.

एकच राहिलं. रात्रपाळीचा सुपरवायझर आमची मिटिंग सुरू व्हायच्या आधीच घरी जातो. पहिल्या हीटची तयारी त्याच्याच पाळीत होते. त्याला थांबवून ठेवणं मला पटत नाही, आणि निरोपावर काम केलं की पुन्हा "मी असं म्हटलंच नव्हतं" सुरू होतं. तुमच्याकडे पाळी बदलताना हे कसं करता?