कापसाच्या बोंडाचे एलईडी प्रकाशशिल्प: पांढरा रंग आला की शेवटची पाकळी पिवळी पडते

प्रश्न: तंत्रनिकेतनचा विद्यार्थी, यवतमाळ जिल्हा

नमस्कार. आम्ही चौघे तंत्रनिकेतनात द्वितीय वर्षाला असून प्रकल्प म्हणून कापसाच्या बोंडाचे चार फूट उंचीचे प्रकाशशिल्प तयार करीत आहोत. गावातील बुरडकाकांनी बांबूच्या कामट्या तासून, वाकवून पाच पाकळ्या करून दिल्या. प्रत्येक पाकळीच्या आतल्या बाजूने डब्ल्यूएस२८१२बी पट्टीचे (प्रत्येक दिव्याचा रंग स्वतंत्र बदलता येणारी एलईडी पट्टी) ३६, म्हणजे एकूण १८० दिवे बसवले असून पाचही पट्ट्या एकापुढे एक जोडलेल्या आहेत. आर्डुइनो उनो (दिव्यांचे रंग ठरवणारा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) आणि पट्टी या दोहोंना ५ व्होल्ट, ३ अँपिअरच्या एकाच अडॅप्टरमधून वीज मिळते. आधी फूल, मग हिरवे बोंड आणि शेवटी फुटलेला कापूस असा रंगांचा क्रम आहे. पहिले दोन टप्पे व्यवस्थित चालतात, परंतु सर्व दिवे पांढरे होताच पाचवी पाकळी पिवळी-तांबूस दिसू लागते आणि कधी कधी बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पट्टी सदोष असावी असे समजून आम्ही ती बदलूनही पाहिली, पण फरक पडला नाही. शिवाय पाकळ्यांत खरी रुई भरण्याचा विचार आहे. ते योग्य ठरेल काय?

उत्तर १: इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती करणारा, वर्धा जिल्हा

पट्टी बदलण्याचा खर्च वाया गेला, कारण दोष पट्टीत नसून वीजपुरवठ्यात आहे. या जातीच्या एका दिव्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन एलईडी असतात व प्रत्येक जण पूर्ण तेजावर सुमारे २० मिलिअँपिअर घेतो. हिरव्या बोंडाच्या वेळी तिघांपैकी एकच पेटलेला असतो, म्हणून तुमचा अडॅप्टर कसाबसा तग धरतो. पांढऱ्यासाठी मात्र तिघेही पेटतात आणि १८० दिव्यांना मिळून १०.८ अँपिअर लागतात. मागणी पुरवठ्याच्या तिपटीहून अधिक झाली की व्होल्टेज खाली बसते आणि त्याच तारेवर असलेला बोर्ड रीसेट होतो.

पिवळेपणाचे कारणही यातच आहे. पट्टीतील तांब्याचा थर पातळ असल्यामुळे टोकाकडे जाताना व्होल्टेज आणखी घटते. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात, पण निळ्याला व हिरव्याला ३ व्होल्टच्या आसपास लागतात. त्यामुळे आधी निळा मंदावतो आणि पांढऱ्यातून निळा वजा झाला की पिवळाच उरतो. मल्टिमीटर घेऊन पांढऱ्या टप्प्यात पहिल्या आणि शेवटच्या दिव्याजवळचे व्होल्टेज मोजा, म्हणजे अहवालात लिहायलाही आकडे मिळतील.

उपाय असा, की डेटाची, म्हणजे बोर्डाकडून रंगाचा संदेश नेणारी, तार आहे तशीच एकापुढे एक राहू द्यावी, परंतु अडॅप्टरपासून प्रत्येक पाकळीच्या बुडाशी ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या (ऋण बाजूच्या) स्वतंत्र जाड तारा न्याव्यात. बोर्डाचे व पट्टीचे ग्राउंड एकत्र असलेच पाहिजे. पट्टीच्या सुरुवातीला पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्याचे धन-ऋण टोक पाहून, आणि डेटाच्या तारेत ३३० ते ४७० ओहमचा रेझिस्टर लावावा.

दहा-बारा अँपिअरचा नवा पुरवठा विकत घेण्याचे मला तरी कारण दिसत नाही. फास्टएलईडी लायब्ररीत (आर्डुइनोच्या प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार कोडच्या संचात) कमाल वीज बांधून देण्याची सोय आहे. तेथे ५ व्होल्ट आणि २५०० मिलिअँपिअर लिहा. पांढरा प्रकाश त्यामुळे पूर्ण तेजाच्या पावपटीपर्यंत उतरेल, परंतु डोळा प्रकाश सरळ प्रमाणात मोजत नसल्याने तो पाहणाऱ्याला साधारण निम्मा वाटेल आणि संध्याकाळी तेवढा पुरेसा आहे.

उत्तर २: विज्ञान शिक्षिका, अमरावती जिल्हा

वरील उत्तराशी मी सहमत आहे. रुईबद्दल मात्र स्पष्ट सांगते, ती दिव्यांना चिकटवून भरू नका. एलईडी स्वतः फार तापणार नाहीत, परंतु सैल राहिलेल्या एखाद्या डाखाजवळ ठिणगी पडली तर कोरडी रुई पेटायला वेळ लागत नाही, आणि तिच्या शेजारी वाळलेला बांबू आहे. प्रकाश पसरवण्यासाठी दुधी ॲक्रिलिकची पातळ पट्टी दिव्यांपासून दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर बसवा, म्हणजे सुटे ठिपके न दिसता सलग उजेड दिसेल. अडॅप्टरनंतर लगेच ३ अँपिअरचा फ्यूजही घाला.

प्रदर्शनाच्या वेळी वीज गेली तर काय, याचाही विचार करून ठेवा. घरोघरी असलेल्या फवारणी पंपाची १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी चालू शकेल. त्यासाठी १२ चे ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर लागेल. त्यातील नुकसान धरून तुमचे शिल्प बॅटरीतून सुमारे १५ वॉट घेईल, म्हणजे कागदावर सहा तास. पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये, म्हणून तीन तास धरा. कन्व्हर्टरचा स्क्रू फिरवून आधी मल्टिमीटरवर ५ व्होल्ट आलेले पाहावे आणि त्यानंतरच पट्टी जोडावी, कारण थेट १२ व्होल्ट मिळाले तर सगळे दिवे एका क्षणात जातील.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर आणि मॅडम, दोघांचेही आभार. पांढऱ्या टप्प्यात आधी पहिल्या दिव्याजवळ ४.६ व शेवटच्या दिव्याजवळ ३.३ व्होल्ट मिळत होते. पाच पाकळ्यांना स्वतंत्र तारा देऊन मर्यादा घातल्यावर शेवटच्या दिव्याजवळ ४.८ व्होल्ट मिळाले, पाचही पाकळ्या सारख्याच पांढऱ्या दिसतात आणि तासभरात बोर्ड एकदाही रीसेट झाला नाही. रुईचा विचार सोडून ॲक्रिलिक मागवले आहे. एक चूक मात्र आईने दाखवून दिली: आम्ही फूल सुरुवातीलाच गुलाबी केले होते, प्रत्यक्षात ते पहिल्या दिवशी फिकट पिवळसर असते व दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. तो क्रम आज रात्री बदलतो आहोत.