डी-मॅक्स पिकअप पुढून खाली घ्यायचीय, स्प्रिंग कापू का?

जालनेकर: भाऊ इसुझू डी-मॅक्स हाय माझी, पुढून दोनेक इंच खाली बसवायचीय, लुक लई भारी येतो, गॅरेजवाला म्हणतो ग्राइंडरनं स्प्रिंगचा वेढा (कॉइल) कापून देतो, चालंल का?

लातूरवाला: अजिबात कापू नको राव. कापली की स्प्रिंग उलट कडक होते, अन् जॅकवर गाडी उचलली की ढिली पडून तिच्या बसायच्या खाचेतून (सीटातून) सरकती. कमी उंचीची तयार स्प्रिंग घाल आणि लगेच अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) कर, पुढं डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन आर्म) हाय, कँबर म्हंजे चाकाचा आत-बाहेर कल बदलला की टायर आतल्या कडेनं झिजतंय.

बीडकर: अन् कापूस भरून वावरातून निघताना बंप स्टॉपवर (सस्पेन्शन पार दबलं की टेकतो तो रबर) आदळंल त्याचं काय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीत बदल करण्याबद्दलचं, ते पण वाच आधी.

जालनेकर: बरं, कापत नाही. तयार स्प्रिंग संभाजीनगरात कुठं बघू?