दोन वर्षांच्या मुलाला मातीत मोकळं सोडायचं की नाही?

पोफळसावली

आमची वाडी गुहागर तालुक्यात, समुद्राच्या पुळणीपासून चालत पंधरा मिनिटांवर. यंदा पाऊस गेल्यावर नेहमीसारखी खळी, म्हणजे घरापुढची मातीची अंगणं, चोपायला कोणी घेतलीच नाहीत. चार घरांनी पेव्हर ब्लॉक बसवले, एकाने सिमेंटचा कोबा केला. माझी मुलगी सव्वादोन वर्षांची. वाडीत तिच्या मागेपुढे जन्मलेली आणखी पाच मुलं आहेत आणि सकाळी दहा वाजता त्यातलं एकही मला घराबाहेर दिसत नाही. दोन प्लेग्रुपला जातात, बाकीची मोबाइलसमोर जेवत असतात. एका प्लेग्रुपच्या बाईंनी तर मला सांगितलं, नखांत माती दिसली तर मुलीला घरी पाठवू.

माझं म्हणणं असं : दीड ते चार वर्षांच्या मुलाला रोज काही वेळ मातीत, झाडाखाली, काहीही न शिकवता खेळू द्यावं. खेळणी नकोत, ‘ॲक्टिव्हिटी’ नको. मोठ्या माणसाने जवळ बसावं आणि गप्प बसावं.

परवाची गोष्ट सांगते. माडाच्या आळ्यात पाणी होतं. लेकीला एक करवंटी सापडली. ती करवंटीत पाणी भरायची, सात-आठ पावलं चालायची आणि खाली पडलेल्या पोफळीच्या विरीत, म्हणजे झावळीच्या बुडाच्या रुंद पन्हाळीसारख्या भागात, ओतायची. वाटेतच अर्धं सांडायचं, उरलेलं विरीच्या कडेने निघून जायचं. परत आळ्याकडे. मी खेपा मोजत होते, चौदा झाल्या. दोनदा माझ्या तोंडावर आलं होतं, अगं हळू चाल, पण गिळलं. पंधराव्या वेळी ती रिकामीच गेली, विरीचा देठ दोन्ही हातांनी धरला आणि विरीच ओढत आळ्यापाशी आणली. मग तिथेच बसून ओतत राहिली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांत एक ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल सांगितली आहे आणि दोन वर्षांच्या मुलाला स्क्रीन जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर चांगलंच. तीन तासांची हालचाल सोफा आणि टीव्हीच्या मधल्या जागेत कशी होणार? आपल्याकडे अंगण आहे, शहरातले लोक त्यासाठी पैसे मोजतात, आणि आपण ते सिमेंटने बुजवतोय. मला याचा खरंच त्रास होतो.

कातळफूल

ताई, विरीचं वर्णन फार आवडलं. तरीही माझा विरोध नोंदवते. मी रत्नागिरी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे, बारा वर्षं झाली.

तुमच्या खळ्याला जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे रचलेली कुंपणाची भिंत, असेलच. त्याच्या फटीत फुरसं, हा विषारी साप, बसतं, लाल विंचूही तिथेच. मोठ्या माणसाला चावलं तर तो सांगतो काय चावलं, कुठे चावलं. दोन वर्षांचं मूल फक्त रडतं. विंचवाचं विष तेवढंच आणि अंग मात्र दहा-अकरा किलोचं, त्यामुळे लहान मुलांना धोका जास्त. घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, हृदयावर ताण येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य जीव वाचवले, म्हणून आज आमच्या हाताशी उपाय तरी आहे. सर्पदंशाची लस लहान मुलालाही मोठ्याइतकीच द्यावी लागते, हे किती आईवडिलांना माहीत आहे? पण हे सगळं मूल वेळेत पोचलं तर. तुमच्या वाडीतून ग्रामीण रुग्णालय किती लांब आहे?

आणि विहीर. जगभरात बुडून मरण्याचं प्रमाण सर्वांत जास्त एक ते चार या वयातच आहे, हेही त्याच आरोग्य संघटनेने सांगितलं आहे. बादलीभर पाणीही पुरतं. मूल बुडताना ओरडत नाही. आगरातल्या किती विहिरींना धड कठडा आहे, पाहा एकदा. ज्या वयात मुलाला धोका कळत नाही, त्या वयात ‘मोकळं’ हा शब्दच मला पटत नाही. चार-पाच वर्षांचं होऊ दे, मग खेळू दे चिखलात.

जुना_चाकरमानी

आमच्या लहानपणी कोण बघत होतं आमच्याकडे? दिवसभर व्हाळात, म्हणजे ओढ्यात, नाहीतर सड्यावर, कातळाच्या माळावर. काही झालं नाही. आजकालचे आईबाप उगाच घाबरतात. पोफळसावली, पूर्ण पाठिंबा.

मालवणची_आजी

चाकरमानी, ‘काही झालं नाही’ असं आपण म्हणतो, कारण ज्यांना झालं ते सांगायला नाहीत. माझा धाकटा भाऊ अडीच वर्षांचा असताना बागेतल्या विहिरीत गेला. मी सात वर्षांची होते. आई भात सडत होती. पन्नासहून जास्त वर्षं झाली, आमच्या घरात त्याचं नाव पुढे कोणाला ठेवलं नाही.

पण त्यानंतर आईने आम्हाला कोंडलं नाही, हेही सांगायला हवं. तिने विहिरीवर फळ्या टाकून घेतल्या. पुढच्या दोन्ही भावंडांच्या पायांत घुंगरांचे वाळे घातले. लोकांना वाटायचं हौस आहे. ती न्हाणीत असो की चुलीपुढे, कान वाळ्यांकडे असायचा. आवाज चालू असेपर्यंत हातातलं काम चालू. आवाज थांबला की हातातली पळी तशीच टाकून बाहेर. बहुतेक वेळा पोर मुंग्या बघत बसलेलं असायचं. तरी ती प्रत्येक वेळी उठायची. माझ्या नातवालाही मी वाळे घातलेत, सून हसली तेव्हा तिला हे सगळं सांगितलं.

कातळफूल

आजी, वाचून गप्प झाले. नुसत्या आवाजावर मी मूल सोडणार नाही, पण तुमच्या आईचं उठणं मला कळतं.

वेंगुर्ल्याची_सून

मला वेगळंच बोलायचं आहे. मी काजूच्या कारखान्यात आठ ते पाच जाते. नवरा बोटीवर. मुलगा पावणेतीन वर्षांचा, सासूजवळ असतो. सासूचे गुडघे गेलेत, ती त्याच्यामागे धावू शकत नाही, म्हणून मोबाइल देते. मला आवडतं का ते? नाही. पण तुमच्या त्या ‘जवळ बसावं आणि गप्प बसावं’ यासाठी एक अख्खं माणूस रिकामं लागतं. ते कोणाच्या घरात आहे?

खळ्याचंही तसंच. आम्हीही कोबा केला. दरवर्षी खणायचं, पाणी मारायचं, चोपायचं, सारवायचं, हे कोण करणार? गुरं विकली, शेण विकत आणावं लागतं. पावसात शेवाळावरून सासू एकदा पडली, तेव्हा ठरवलं. पेव्हरवाल्यांना नावं ठेवण्याआधी ही बाजूही बघा.

पोफळसावली

वेंगुर्ल्याची सून, चूक माझी. मी घरून ट्यूशन घेते, सकाळ मोकळी असते, हे मी लिहायलाच हवं होतं. कोब्याबद्दल मी जरा फटकन बोलले. तरी एक विचारू? संपूर्ण खळं नको, कोपऱ्यात खाटेएवढी मातीची जागा ठेवता आली असती का? मुलाला तेवढी पुरते. माझ्या मुलीचा पाण्याचा सगळा खेळ तेवढ्यातच झाला.

कातळफूल, तुम्ही लिहिलेलं एकही वाक्य मी खोडू शकत नाही. पण चार-पाच वर्षांचं होईपर्यंत थांबा, हे मला मान्य नाही. चढणं, पडणं, ओलं आणि निसरडं यातला फरक पायाला कळणं हे याच वयात होतं. घरात वाढलेलं मूल पाचव्या वर्षी पहिल्यांदा कातळावर गेलं तर ते जास्त सुरक्षित कसं? कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२४ मध्ये हाच फरक मांडला होता : एक जोखीम, जी मूल स्वतः पाहून अजमावू शकतं, आणि दुसरा धोका, जो त्याला दिसतच नाही. बुटक्या दगडावरून उडी ही जोखीम. उघडी विहीर हा धोका, तो काढून टाकणं मोठ्यांचं काम.

हापूसवाला_देवगड

बागायतदार म्हणून एक गोष्ट सांगतो, कारण ही इथे कोणी बोललं नाही. आंब्याच्या बागेला निसर्ग समजून लहान मुलांना आणू नका, निदान मोहोर फुटल्यापासून फळ उतरेपर्यंत तरी. तुडतुडा, भुरी, फुलकिडे यांसाठी त्या काळात पुन्हा पुन्हा फवारणी होते. औषध पानावरून खाली गवतावर, मातीवर पडतं आणि दोन वर्षांचं पोर हात तोंडात घालतं. पाहुणे येतात, फोटोसाठी पोराला झाडाखाली बसवतात, मी हात जोडून बाहेर काढतो. माझा नातू त्या चार-पाच महिन्यांत बागेत येत नाही, घरामागच्या माडांखाली खेळतो. तिथेही नारळ उतरवून घेतल्यावरच. सुकलेली झावळी अंगावर आली तरी लहान पोराला भारी पडते.

खाडीपलीकडे

फिनलंडमध्ये पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ आणून टाकली होती. २०२० मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरचे जिवाणू अधिक विविध झाले आणि रक्तात प्रतिकारशक्तीशी संबंधित चांगले बदल दिसले. म्हणजे माती औषधच आहे.

कातळफूल

तो अभ्यास ७५ मुलांचा होता, आणि मुलं आजारी कमी पडली असं त्यात दाखवलेलं नाही. शिवाय ती माती फिनलंडची. आपल्याकडे पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उंदराचं मूत्र मिसळतं, त्यातून लेप्टोस्पायरोसिस हा ताप होतो. दोडामार्गात २०१६ मध्ये गोचिडींमुळे माकडताप आला, तिथल्या आईला ‘माती औषध आहे’ म्हणून सांगाल का? पायाला जखम असलेलं मूल साचलेल्या पाण्यात सोडू नका, एवढं तरी सगळ्यांनी पाळा.

अंगणवाडी_सेविका

वीस वर्षं अंगणवाडीत आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावर उत्तरेला, ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यातली मुलं शाळेत येईनात, तेव्हा या दोघी त्यांच्या अंगणात गेल्या. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. साधन म्हणून बिया, शंख-शिंपले, पानं, दगड. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथून आला आणि १९७५ मध्ये सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा देशभर गेला.

आणि आज माझ्या अंगणवाडीला अंगण नाही. पुढे रस्ता, मागे गटार. कंपाउंडसाठी तीन वेळा अर्ज केला. मी मुलांना शेजारच्या देवळाच्या आवारात नेते तर पालक विचारतात, एबीसीडी कधी शिकवणार? तीन वर्षांच्या पोराची वही तपासतात. गेल्या महिन्यात एका बापाने शर्टाला चिखल लागला म्हणून मुलाचं नाव काढून प्लेग्रुपला घातलं. मी त्या रात्री नीट झोपले नाही. तो मुलगा देवळामागे बसून गांडूळ काडीवर उचलायचा प्रयत्न करत होता, अर्धा तास. दुसरीकडे कुठेही तो पाच मिनिटं बसत नव्हता.

मातीत खेळणाऱ्या मुलांना जंत होतात ही तक्रार खरी आहे. त्यासाठी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला आम्ही गोळी देतो, एक ते दोन वर्षांच्या मुलांना अर्धी. ती चुकवू नका, पायांत चप्पल घाला, आत आल्यावर साबणाने हात धुवा. खेळ बंद करू नका.

वेंगुर्ल्याच्या ताईंचा प्रश्न मात्र खरा आहे. बांगलादेशात लहान मुलं बुडण्याच्या घटना सकाळी, आई कामात असताना जास्त घडतात असं दिसलं. मग तिथे गावातच एका बाईकडे सकाळच्या वेळी मुलं एकत्र सोडायची सोय झाली आणि मृत्यू कमी झाले. वाडीत पाच-सहा मुलं आहेत ना? मग प्रत्येक घरात एक माणूस रिकामं असायची गरज नाही.

पोफळसावली

बाई, तुमचं वाचून उठले आणि शेजारच्या दोघींशी बोलले. सोमवारपासून आम्ही तिघी पाळीने बसणार आहोत, सकाळी साडेआठ ते दहा, माझ्या खळ्यात. गडग्यापासून हातभर पट्टा साफ केला, लाकडांचा ढीग हलवला. पाऊस लागला की पडवी.

वेंगुर्ल्याची_सून

मी रविवारची पाळी घेतली असती, पण तुमची वाडी लांब. इथे आमच्याकडे दोघी आहेत कारखान्यातल्याच. त्यांना विचारते. कोबा फोडणार नाही, पण न्हाणीमागे जागा आहे.

कातळफूल

मी अजूनही म्हणेन की तीन वर्षांखाली मूल हाताच्या अंतरावर हवं. बसणारीने त्या वेळात मोबाइल, निवडणं, गजरे, काहीही करायचं नाही. आणि पोफळसावली, विहिरीचं तुम्ही अजून सांगितलं नाही.

पोफळसावली

आजींचा प्रतिसाद वाचला त्याच दिवशी लोहाराला बोलावलं. संपूर्ण तोंडावर सळ्यांची जाळी, मुलाचं डोकं जाणार नाही इतक्या जवळ सळ्या. मधे कळशी जाईल एवढी झडप, तिला कडी आणि कुलूप. किल्ली माजघरात खुंटीवर, माझ्या खांद्याच्या उंचीला. आळ्यातलं पाणी मात्र मी ठेवलंय, चार बोटं. ती तिथे असते तेव्हा मी तिच्या शेजारी बसते, आणि उठताना करवंटीने उपसून टाकते.