हात गुंतवायला गोधडी
कुणीतरी विचारलंय की रुग्णालयात पाळ्या करून दमलेल्या बाईला फुकटात गोधड्या शिवायला जोर कुठून येतो. माझ्यापुरतं सांगते.

मी ठाण्यात सिस्टर आहे. २०२१च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, पीपीई किट चढवलं की सहा-सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही. कळव्याला घरी आल्यावरही झोप नव्हती, डोळे मिटले की मॉनिटरची टीं टीं. शेजारच्या काकूंनी दारात जुन्या साड्यांचं बोचकं ठेवलं. म्हणाल्या, "अगं, हात तरी गुंतव."

साड्यांचे थर सुरकुती न पडू देता अंथरायचे, लांब टाक्यांनी कच्चे करायचे, मग कडेपासून आत आत धावदोरा. साडी सुतीच हवी. नायलॉनचे थर सरकतात (माझी पहिली गोधडी त्यातच गेली). दिवसाला वीतभर झाली तरी पुष्कळ. वॉर्डात ऑक्सिजन ९४च्या खाली उतरला की धावाधाव, इथे टाका वाकडा गेला तर गेला. दमणूक काही कमी झाली नाही, हेही खरं. झोप मात्र लागायला लागली, कधी कधी सुई हातातच.

पाच झाल्या. तीन स्टेशनबाहेर झोपणाऱ्यांना दिल्या, दोन तुर्भ्याच्या वस्तीतल्या बाळंतिणींना. त्यातल्या एकीने बाळ गुंडाळता गुंडाळता काठ चाचपला आणि विचारलं, "ताई, ही इरकल का?"

इरकलच होती. काकूंच्या सासूबाईंची.