परिविक्षेवर (प्रोबेशनवर) सुटलेल्या मनोरुग्णाने औषधाच्या गोळ्या घेणं सोडलं तर तो अटभंग धरावा का?

आडगावकर: चोरी, किरकोळ मारामारी अशा गुन्ह्यांत १९५८च्या परिविक्षा कायद्याखाली कोर्ट माणसाला तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं, जास्तीत जास्त ३ वर्षांसाठी. वर परिविक्षा अधिकाऱ्याची देखरेख. तो माणूस स्किझोफ्रेनियाचा रुग्ण असेल तर 'उपचार चालू ठेवीन' ही अट हवीच आणि गोळ्या सोडल्या की अटभंग. एरवी देखरेख म्हणजे नुसती हजेरी. शेजाऱ्यांनी कुणाच्या भरवशावर राहायचं?

मुक्ताई_७: साफ असहमत. 'मला काही झालेलंच नाही' असं ठामपणे वाटणं हे याच आजाराचं लक्षण आहे. लक्षणासाठी आत टाकणार? शिवाय या गोळ्यांनी हात थरथरतात, वजन वाढतं, दिवसभर झापड येते. चांगली शुद्धीवरची माणसंही कंटाळून गोळ्या सोडतात.

आडगावकर: लगेच आत कोण टाकतंय? परिविक्षा कायद्याचं कलम ९ वाचा. पहिल्या भंगाला ५० रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र तसंच चालू ठेवता येतं. (५० रुपये! रक्कम १९५८चीच.)

मुक्ताई_७: पण गोळ्या सोडल्याचं अधिकाऱ्याला कळणार कसं? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाची माहिती गोपनीय आहे.

आडगावकर: दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल तर तेवढी माहिती देता येते, तेही त्याच कायद्यात आहे.

मुक्ताई_७: गोळी चुकली म्हणजे धोका, असं कुठला डॉक्टर लिहून देईल? शेवटी विचारणार घरच्यांनाच, म्हणजे आईला. तिने एकदा खरं सांगितलं आणि पोराला समन्स आलं, की पुन्हा ती तोंड उघडणार नाही. मग आजार बळावलेला कळेल तो थेट पोलिसांकडून.

जुना_कारकून: दोघांचंही भांडण कागदावरचं. अधिकारी महिला व बालविकास खात्याचा, औषध आरोग्य खात्याचं, आदेश कोर्टाचा. तिघांची एकत्र बैठक झालेली मी तरी पाहिली नाही. प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्यात चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. गडचिरोलीच्या माणसाने काय करायचं? रोजच्या गोळ्यांऐवजी महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन जिल्हा रुग्णालयात मिळालं तरी निम्मा प्रश्न सुटेल.

आडगावकर: बरं, इंजेक्शन चुकलं तर पहिला फोन कोर्टाला न करता रुग्णालयाला, हे मान्य. पण वारंवार चुकवलं तर कोर्टाला कळवायचंच. त्यावर मी ठाम आहे.

मुक्ताई_७: आधी इंजेक्शनच्या दिवशी बुडणाऱ्या रोजाचं आणि एसटीच्या भाड्याचं बोला. ते कोण देणार, तेही त्याच आदेशात लिहा.